गळ्याचा जोर

घास तोंडात आहे तोवर काही नाही. चावायचा, घोळवायचा, या गालातून त्या गालात न्यायचा, इथवर सगळं आपल्या हातात असतं. तो मागं ढकलायची वेळ आली की मला भीती वाटते. भूक लागलेली असते तरी वाटते. ज्याचं कधी अडकलं नाही त्याला हे सांगून कळायचं नाही.

आमची घरची गेली दिवाळीच्या आधी. होळीपासून मला पाणी पिताना ठसका लागायला लागला. आधी वाटलं घाईत प्यालो. मग वाटलं तंबाखूमुळे होतं. तंबाखू सोडली, पण ठसका राहिलाच.

धरणगावला मी एकटा राहत होतो. उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये गेली, रुईच्या गठाणी बांधायच्या प्रेसवर. काम सुटलं तरी घर तिथंच. एकट्या माणसाला ठसका लागला की पाठीवर थाप मारायला कोणी नसतं. पण बघायलाही कोणी नसतं, आणि मला तेच बरं वाटत होतं. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी कोरडी जाईना, म्हणून डाळीत भिजवून खायला लागलो. मग भिजवलेली पण जाईना, तेव्हा नुसती डाळ. मग चहात बुडवलेलं बिस्कीट. पायजम्याची नाडी रोज जरा जास्त ओढावी लागे. शेजारीपाजारी म्हणायचे, आबा दुःखाने वाळले. मी म्हणायचो, हो. दुःख होतंच, ते काही खोटं नव्हतं. पण त्याच्या आडोशाला मी ठसका लपवत होतो.

का लपवत होतो ते सांगतो.

तिला लकवा मारला होता. एक अंग गेलं, बोलणं गेलं, आणि त्याच्याबरोबर गिळणंही गेलं. जळगावच्या दवाखान्यात तिच्या नाकातून नळी घातली. म्हणाले, थोडे दिवस, मग काढू. त्या नळीतून दूध, डाळीचं पाणी, मिक्सरमध्ये फिरवलेली खिचडी, सगळं मोठ्या सिरिंजने सोडायचं. जिने सबंध गल्लीला वांग्याचं भरीत करून वाढलं, तिच्या तोंडात घास नाही. शेजारी कोणी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली की वास घरात यायचा, आणि ती डोळे मिटून घ्यायची. एक हात चालत होता तिचा. तो सारखा नळीकडे जायचा. दोनदा उपटली. मग डॉक्टर म्हणाले हात बांधा. मऊ फडक्याने पलंगाच्या दांडीला बांधायचा. ते काम माझ्याकडे. मी गाठ मारत असताना ती माझ्याकडे बघायची. बोलता येत नव्हतं ते बरं झालं असं तेव्हा वाटायचं.

नळी निघाली, पण ती गेल्यावरच. ओठात तुळशीचं पान ठेवून पाणी सोडलं, ते गालावरून खाली ओघळलं. इतक्या दिवसांनी तोंडाला पाणी लागलं, आणि तेही आत गेलं नाही.

म्हणून माझ्या गळ्याचं मी कोणाला सांगत नव्हतो. सांगितलं की दवाखाना. दवाखाना म्हटला की नळी. आणि माझा हात बांधायला कोण बसणार होतं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. घरात माणूस गेलेलं असेल तर त्याच्या नावाने घागर भरतात. मुलगी धुळ्याला दिलेली आहे. ती आली, आईच्या नावाची घागर भरली, खापरावरचे मांडे केले, आमरस केला. ताट समोर ठेवून माझ्यापुढंच बसली. तिथं चुकलं माझं सगळं. बापासमोर पोरगी बसली की बापाने जेवायचं असतं. मी रसाची वाटी उचलली, एक घोट घेतला, आणि तो भलत्या वाटेने गेला.

खोकून खोकून डोळ्यांपुढं अंधारी आली. रस नाकातून आला. तिने पाठ चोळली, पदराने तोंड पुसलं. दम परत आल्यावर मी म्हणालो, "काही नही व्हयनं. सुंठ जास्त पडनी रसमा."

"सुंठ टाकेलच नही मी," ती म्हणाली. मग माझं मनगट हातात धरून बघितलं, बांगडी फिरावी तसं ते तिच्या बोटांत फिरलं. "कितला दिनपाईन शे हाई, आबा?"

"आजच."

"मनाकडे देखीसन सांगा."

मी तिच्याकडे न बघता मांड्याकडे बघत बसलो. ती रडली नाही, ओरडली. आईवर गेली आहे. म्हणाली, एक माणूस गेलं ते कमी पडलं का? शेजारणीला ऐकू जाईल इतकं बोलली. दुसऱ्या दिवशी तिने मला जळगावला नेलं, आणि मी गेलो, कारण नाही म्हणायला अंगात जोर नव्हता.

जळगावच्या डॉक्टरने नाकातून बारीक कॅमेरा घालून गळा बघितला. मी गाठ निघणार असं धरून बसलो होतो. इतकी वर्षं तंबाखू खाल्लेला माणूस दुसरं काय धरून बसणार? डॉक्टर म्हणाला, "गाठ नाही. रस्ता मोकळा आहे. पण घास ढकलणारे स्नायू कमजोर वाटतात. किती कमजोर, ते मोजावं लागेल. धुळ्याला मशीन आहे."

गाठ नाही हे ऐकून मुलीने हात जोडले. मला काही सुटल्यासारखं वाटलं नाही. गाठ असती तर कापा म्हटलं असतं. जोर नाही म्हटल्यावर काय कापणार? आमच्या घरचीचाही जोरच गेला होता. तिच्याही गळ्यात गाठ नव्हती.

धुळ्याच्या एसटीत मुलगी खिडकीशी बसली, मी कडेला. अमळनेर गेलं. मग मीच विचारलं, "नळी घालतीन का?"

"मोजू तं द्या आधी."

हे उत्तर नव्हतं. तिच्या आईच्या वेळी डॉक्टर असंच बोलायचे. पुढं पारोळ्याच्या बाजूचे मोकळी वावरं लागली, काळी ढेकळं तापून पडलेली. मी मनात ठरवून टाकलं. नळी समोर आणली की उठायचं, चपला घालायच्या, स्टँडवर यायचं. पोरीला काय वाटायचं ते वाटो.

दवाखान्यात बाहेर बाकावर आमच्या आधी एक म्हातारा बसला होता. धुळ्यातलाच, गाद्या-रजया भरायचा धंदा, अजून कापसाचे तंतू अडकल्यासारखी पांढरी दाढी. आवाज बसलेला. त्याची बायको त्याच्या शेजारी तसबीचे मणी ओढत होती. मी कुठला ते त्याने विचारलं, धरणगावचा जिनिंगवाला म्हटल्यावर खूश झाला.

"म्हणजे तुम्ही दाबला आणि मी फुगवला," तो म्हणाला. "तुमचीच गठाण फोडून सगळी जिंदगी पिंजली भाऊ मी."

"तुमचं पण गिळायचंच का?"

"गिळायचंच. बोलायचं तर हिने कधी दिलं नाही, आता गिळायचं पण बंद." बायकोने तसबी न थांबवता त्याला कोपर मारलं. "दुसऱ्या खेपेला आलो. पहिल्यांदा मोजलं, आता फरक बघायचा म्हणतात."

"कसं मोजतात?"

"नाकातून तार घालतात."

"नळी?"

"तार समजा, नळी समजा. साप आहे, पण बिनविषाचा."

"मग काढत नाहीत."

"काढतात की! माझ्या नाकात दिसते का?" त्याने नाक वर करून दाखवलं. "घातली, पाणी पाजलं, काढली. घाबरता कशाला? नाक तर चांगलं लांबरुंद आहे तुमचं."

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. थोडे दिवस, मग काढू, हेही मी ऐकलेलं होतं. आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत एक ताई होती. माझ्या मुलीहूनही लहान. तिने मला खुर्चीत ताठ बसवलं आणि आधी एक इवलासा फुगा दाखवला, द्राक्षाएवढा, त्याला बारीक रबरी नळी आणि ती एका डबीला जोडलेली. म्हणाली, "आबा, हा जिभेवर ठेवायचा आणि जिभेने टाळूला दाबायचा. जितका जोर असेल तितका."

मी दाबला. डबीवर आकडे पळाले. परत दाबला. ती म्हणाली, आणखी. मी डोळे मिटून दाबला.

हे मला समजलं. प्रेसला दाबाचा काटा असतो. रुई आत भरली, दाब दिला की काटा चढतो, आणि जिथं पोचायला हवा तिथं पोचला नाही तर गठाण ढिली निघते. ढिली गठाण बघायला मजबूतच दिसते. पट्ट्या आवळलेल्या, वरून चौकोनी. पण काटा ऐकत नाही. उभ्या आयुष्यात मी काट्याशी हुज्जत घातली नाही, आणि आता काटा माझ्या तोंडात होता.

"किती आलं?" मी विचारलं.

"जीभ ठीक आहे तुमची. वयाच्या मानाने बरी आहे."

"जीभ तर चालायचीच," मुलगी मागून म्हणाली. "तीच एक चालते."

मग ताईने कप्पा उघडला आणि गुंडाळलेली बारीक लांब नळी काढली.

तीच. तेवढीच जाड, तशीच लवचिक, तशाच खुणा. मी उठलो. खुर्ची मागं सरकली. मुलगी आडवी आली.

"आबा, ही ती नाही."

"मले शिकाडू नको. मी देखेल शे. मी बांधेल शे तिना हात!"

बाहेर त्या गादीवाल्याचं खोकणं थांबलं. ताईने काही समजावलं नाही. तिने नळीचं टोक माझ्या पुढं धरलं.

"हात नका लावू, फक्त बघा. टोक बघा."

मी बघितलं.

"भोक आहे का?"

नव्हतं. टोक बंद होतं.

"मग दूध कुठून जाईल? ही भरीव आहे आबा. हिच्या अंगावर दाब कळणारे ठिपके बसवलेत, वरपासून खालपर्यंत. तुम्ही गिळाल तेव्हा गळा हिला कुठं किती आवळतो, एवढंच ही सांगते. हिच्यातून काही देता येत नाही, घेता येत नाही."

"मग ती चिकटपट्टी कशाला?" ट्रेमध्ये ती पण दिसत होती, पांढरी, घरचीच्या नाकावर असायची तशी.

"हलू नये म्हणून."

"काढणार कोण?"

"मीच."

"कधी?"

"चहा उकळायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात."

"तुमचा चहा की आमचा? आमचा फार उकळतो."

ती हसली. मी बसलो. धीर आला म्हणून नाही बसलो. दाराकडे पोरगी आडवी उभी होती.

नाकात मलम लावलं. नाक, मग टाळू, सगळं बधिर झालं. मग ती सरकवायला लागली आणि म्हणाली, गिळा, गिळा, गिळत राहा. नळी मागं वळून गळ्यात उतरली तो क्षण मला सांगता येत नाही. डोळ्यांतून पाणी, कानात घणघण, पोटातून उमासे. आणि हात. माझा उजवा हात आपोआप वर निघाला. मी त्याला सांगितलं नव्हतं. डाव्याने तो धरला आणि दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा गच्च पकडला. तेव्हा कळलं तिचा हात का जायचा. तिला हट्टी म्हणायचे सगळे. हट्ट नव्हता. कोणाचाही हात जाईल.

चिकटपट्टी लागली. ताई म्हणाली, आता शांत बसा, गळ्याला सवय होऊ द्या. समोर पडद्यावर रंग दिसत होते. तिने सांगितलं, निळं म्हणजे दाब नाही, पिवळं म्हणजे थोडा, लाल म्हणजे भरपूर. मग सिरिंजने जिभेवर थोडं थोडं पाणी सोडायची आणि म्हणायची, गिळा. मी गिळायचो, आणि पडद्यावर वरून खाली एक तिरपी रेघ धावायची. वर लाल. खाली येता येता ती फिकी पडायची. पिवळी, हिरवट. मग अगदी खाली एक पट्टा होता, तो क्षणभर निळा होऊन परत लाल व्हायचा. मला वाटलं तिथं सगळंच संपलं. ती म्हणाली, नाही, तिथं निळंच हवं, ते अन्ननळीचं दार आहे, ते उघडतंय.

मधल्या फिक्या पट्ट्याबद्दल ती काही बोलली नाही. परत गिळा म्हणाली. परत फिका. तिचं ते गप्प बसणं मला नळीपेक्षा जास्त लागलं. दवाखान्यातलं माणूस गप्प झालं की वाईट असतं, हे मला माहीत आहे. मी रेघेकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, चढ, चढ की.

मग तिने काचेच्या पेल्यात थोडं पाणी ओतून माझ्या हातात दिलं. "आता एक घोट, तुम्ही घरी पिता तसा."

सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, घसा नुसता कोरडा. मी पेला घेतला, मान मागं टाकली, तोंड उघडलं, पेला तोंडाच्या वर वीतभर धरला आणि धार सोडली.

"आबा, नको..."

उशीर झाला होता. धार सरळ श्वासात गेली. छाती बंद झाली. हवा आत येईना, बाहेर जाईना. नाकात नळी, तिच्यामुळं खोकलाही धड निघेना. मुलीचा हात पाठीवर, ताई माझी मान पुढं वाकवतेय, आणि मला एकच दिसत होतं, पडदा, त्यावर रंगांचा नुसता गोंधळ. मला वाटलं हेच ते. असंच जायचं होतं, धुळ्यात, दुसऱ्याच्या खुर्चीत, नाकात नळी घेऊन.

मग कुठूनतरी हवा आली. शिटी वाजवत आली. मी रडत होतो, लाज नाही सांगायला.

ताईने मला बराच वेळ काही करू दिलं नाही. मग विचारलं, "रोज असंच पिता?"

"मग कसं पितात?" माझा आवाज चिखलातून आल्यासारखा होता. "पेल्याला तोंड लावू? उष्टा करू?"

"घरी तुमच्या एकट्याचाच तांब्या असेल ना?"

"एकट्याचा झाला म्हणून काय झालं?"

मुलगी तिला सांगू लागली. आईच्या राज्यात पाण्याच्या भांड्याला ओठ लावायची कोणाची टाप नव्हती. नातवाने एकदा लोट्याला तोंड लावलं तर तो लोटा राखेने घासून उन्हात पालथा पडला होता. आम्हाला सगळ्यांना वरून धार धरून प्यायचीच सवय. मीही लहानपणापासून तसाच पितो. ती गेल्यावरही तसाच. तिचा एक नियम तरी मोडला नाही, असं मला वाटायचं.

ताई ऐकून घेत होती. म्हणाली, "माझ्याही घरी असंच पितात. गळ्यात जोर असेल तर काही होत नाही. पण मान मागं टाकली की पाणी आपलं आपण खाली धावतं, गळा तयार व्हायच्या आधी. तुमचा गळा उशिरा आवळतो आणि कमी आवळतो. तो पोचेपर्यंत पाणी श्वासनळीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलेलं असतं." मग तिने पेला परत भरला. "आता ओठ लावा. हनुवटी छातीला. छोटा घोट, आणि मग सगळा जोर लावून गिळा, मोठा घास गिळतो तसा."

एकदा मरता मरता वाचलो होतो, परत तेच पाणी. शिवाय दुसऱ्याचा पेला. मी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "आबा, आईले मी सांगी दिसू."

मी ओठ लावले. काच थंड होती. हनुवटी छातीला टेकवली, म्हशीसारखं खाली बघून घोट घेतला. तोंडात धरला. सोडायची हिंमत होईना. ताई म्हणाली, आता. मी गिळलं, जणू दगड ढकलतोय असं.

काही झालं नाही. ठसका नाही. पडद्यावर मधला पट्टा पिवळा होता, आणि त्यात जरासं नारिंगी.

"परत," ती म्हणाली. परत केलं. परत पिवळा.

नंतर तिने नळी ओढून काढली. एका दमात. मी नाकाला हात लावून बघितला, काही नव्हतं तिथं, फक्त चिकटपट्टीचा डिंक. मग मी विचारलं, कारण आता विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. "मला नळी घालणार का? खरी?"

"आज नाही."

"आज म्हणजे?"

ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. "जोर कमी आहे, ते खरं आहे. वयाने सगळ्यांचाच थोडा जातो. तुमचा जास्त गेलाय. तुम्ही भीतीने खाणं कमी केलं, वजन उतरलं, आणि अंगाबरोबर गळाही वाळला. व्यायाम देते, तो करा. परत मोजू. पण ताप आला, छातीत खुरखुर झाली, किंवा वजन आणखी उतरलं, तर नळीचा विचार करावा लागेल. खोटं कशाला सांगू?"

तिने खोटं सांगितलं नाही हे मला आवडलं, पण त्यामुळं भीती कमी झाली नाही. उलट तिला आता हातपाय फुटले. आधी ती नुसती अंधारासारखी होती. आता तिला ताप, खुरखुर, वजन अशी तोंडं आली.

बाहेर गादीवाला थांबलाच होता. "निघाली?"

"निघाली."

"मग? साप होता की दोरी?"

"तुम्हीच बघा आता," मी म्हणालो, आणि तो बायकोच्या खांद्याचा आधार घेत आत गेला.

तेव्हापासून मी मुलीकडे धुळ्यातच राहिलो. जेवण म्हणजे परीक्षा झाली. भात मऊ, भाकरी दुधात कुस्करलेली, पाणी स्टीलच्या वेगळ्या पेल्यात, ओठ लावून. प्रत्येक घोटानंतर पोरगी म्हणायची, आ म्हणा. आवाज स्वच्छ आला तर बरं. घरघर आली तर पाणी गळ्यातच साचलंय, खोकून काढा, परत गिळा. मी तिच्यावर खेकसायचो. म्हणायचो, मी काय पाळण्यातलं पोर आहे? ती म्हणायची, पाळण्यातलं पोर ऐकतं तरी. व्यायाम म्हणजे जमिनीवर आडवं पडायचं आणि खांदे न उचलता डोकं उचलून स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत राहायचं. मान थरथरायची. अंगठे बघता बघता वाटायचं, माणसाला असं आडवं कधी ठेवतात ते मला माहीत आहे, आणि मी डोकं परत टेकवायचो. मग परत उचलायचो.

एकदा सर्दी झाली. छातीत जरा घरघरलं. मी दोन दिवस आवाज दाबून झोपलो, पोरीला कळू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. डॉक्टर म्हणाला साधी सर्दी आहे. पण ते दोन दिवस माझा हात सारखा नाकाशी जात होता.

पावसाळा सरता सरता परत मोजलं. परत ती नळी, परत ते उमासे. दुसऱ्यांदा भीती कमी वाटते असं म्हणतात, माझी झाली नाही. ताईने दोन्ही वेळचे रंग शेजारी शेजारी लावून दाखवले. मधला पट्टा अजून लाल नव्हता. पण आधीसारखा फिकाही नव्हता. "वाढलाय," ती म्हणाली. "थोडा. खाली गेला नाही, हे मोठं आहे." मी नळीचं विचारलं. ती परत म्हणाली, आज नाही. आणि माझ्या ध्यानात आलं की यापुढं मला एवढंच उत्तर मिळत राहणार. त्याच्यावरच जगायचं.

त्यानंतर दोंडाईच्याला घरचीच्या भावाकडे लग्न होतं, त्याच्या नातवाचं. पंगत बसली. डाळ-बट्टी, वरून तुपाची धार. मी माझा पेला पिशवीत घालूनच नेला होता. शेजारी मेहुणा, म्हणजे नवऱ्या मुलाचा आजा. सगळे तांब्याने वरून धार धरून पीत होते. मी पेल्याला ओठ लावले, हनुवटी छातीला टेकवली. पंगतीत दोन-चार जण बघायला लागले.

"काय दाजी," मेहुणा मोठ्याने म्हणाला, "पोऱ्यासारखं पेलाले तोंड लावी पी ऱ्हायनात! मनी अक्का ऱ्हाती ते पेला फेकी देती."

पंगत हसली. तो वाईट माणूस नाही. बहीण गेल्यापासून तो तिचं नाव घ्यायला अशी निमित्तं शोधतो. पण पाणी माझ्या तोंडात होतं. तिचं नाव निघालं आणि छातीतून एकदम हसू का रडू, काहीतरी वर आलं. वर येणारं ते आणि खाली जाणारं पाणी जर गळ्यात भेटलं असतं, तर त्या लग्नात माझ्यामुळं दुसरंच काही झालं असतं. मी काही केलं नाही. डोळे पत्रावळीवर ठेवले. बट्टीचे तुकडे, डाळीवर तरंगणारं तूप, मिरचीचा देठ, एवढंच बघत राहिलो. छातीतलं खाली बसू दिलं. मग सगळा जोर लावून गिळलं.

थांबलो. ठसका आला नाही.

"आ," मी म्हणालो. स्वच्छ आला. मेहुणा माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता.

"तुनी अक्का नही, म्हणीसन पी ऱ्हायनू," मी म्हणालो. "ती ऱ्हाती ते मी बी असा नसतो."

त्याचं हसू गेलं. मग त्याने वाढणाऱ्याला हाक मारली आणि माझ्या बट्टीवर आणखी डाळ घालायला सांगितली, पातळ, आणि स्वतःच्या हाताने ती बट्टी बोटांनी चुरून बारीक केली. मला त्याच्या हातचं नको होतं, हात खरकटा होता त्याचा. तरी घास घेतला, चावला, आणि हनुवटी खाली घेतली.